वातानुकूलन यंत्राची दुरुस्ती आणि तिचे मोल

ज्वारीचा भाव, दुधाचा दर, शिंप्याची शिलाई, नळ दुरुस्त करणाऱ्याची मजुरी यांविषयी आपल्या घरांतून माणसे चांगली जाणती असतात. कोणी दोन पैसे जास्त सांगितले तर ते तात्काळ ध्यानात येते आणि घासाघीसही रीतसर होते. परंतु भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र, ज्याला काश्मीरपासून केरळपर्यंत सारेजण एसी एवढ्या दोन अक्षरांनीच ओळखतात, ते ऐन वैशाखात थंडावा देईनासे झाले आणि कारागिराने झाकण उघडून ‘गॅस गेला आहे, साडेतीन हजार होतील’ असे सांगितले, म्हणजे भलेभले चतुर गृहस्थ निरुत्तर होतात. मागितलेली रक्कम वाजवी की अवाजवी हे ठरविण्यास लागणारे ज्ञान आपल्याजवळ नसते, आणि उकाड्यामुळे विचार करण्यास सवडही नसते. हे ज्ञान फारसे कठीण नाही. यंत्र कसे चालते एवढे एकदा समजले की दुरुस्तीच्या दरांपैकी पुष्कळसे आपोआप उलगडतात.

उन्हाळ्यात आपण मातीच्या माठात पाणी ठेवतो. माठाच्या अंगातून थोडेसे पाणी पाझरते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. वातानुकूलन यंत्राचे तत्त्व हेच आहे. खोलीतल्या भागात तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे एक वेटोळे असते. कारागीर त्याला कॉईल म्हणतात. त्या नळ्यांत एक द्रव कमी दाबाखाली उकळतो, त्याची वाफ होते आणि खोलीतली उष्णता ती वाफ शोषून घेते. भेद आहे तो यापुढे. माठाची वाफ हवेत निघून जाते, म्हणून माठ रोज भरावा लागतो. यंत्रातील वाफ मात्र नळीवाटे बाहेरच्या भागात जाते, तेथे कॉम्प्रेसर तिला दाबतो, बाहेरच्या वेटोळ्यात ती आपली उष्णता टाकून पुन्हा द्रव होते आणि परत खोलीत येते. हे चक्र सर्व बाजूंनी बंद आहे. ज्याला आपण गॅस म्हणतो तो इंधनासारखा जळत नाही व वापराने संपतही नाही. नळ्या शाबूत असतील तर कारखान्यात भरलेला गॅस यंत्राच्या अखेरपर्यंत पुरावा, अशीच त्याची योजना असते.

एवढे ध्यानात आले की ‘दर उन्हाळ्याला थोडा गॅस भरावा लागतो’ हे विधान निराधार आहे हे वेगळे सांगावयास नको. गॅस कमी झाला असेल तर तो कोठून तरी गळाला आहे, आणि ती गळती शोधून बंद केल्यावाचून नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतण्यासारखे होय. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्याकडून ओळीने तीन उन्हाळे गॅस भरण्याचे पैसे घेतले गेले. चौथ्या वर्षी आलेल्या एका तरुण कारागिराने साबणाचा फेस लावून पाहिला, तेव्हा बाहेरच्या नळीच्या जोडावर बुडबुडे दिसले. जोड पुन्हा नीट बसविण्यास त्याला अर्धा तास लागला. तीन वर्षांचे जवळजवळ नऊ हजार रुपये त्या एका जोडातून हवेत गेले होते.

थंडावा कमी होण्याची कारणे पुष्कळ असतात आणि गॅस हे त्यांतील एकच आहे. आतल्या जाळीवर धूळ साचली तर हवा पुरेशी फिरत नाही, वेटोळे अति थंड होते आणि त्यावर चक्क बर्फ धरतो. नळीवर बर्फ पाहून ‘गॅस कमी आहे’ असे सांगितले जाते; गॅस कमी असतानाही बर्फ धरतो हे खरेच, परंतु मळलेल्या जाळीनेही तेच घडते. बाहेरच्या वेटोळ्यात कबुतरांची पिसे, धूळ व पाचोळा अडकला तर उष्णता बाहेर पडावयास वाट राहत नाही. म्हणून आधी सफाई, मग दाबाची तपासणी, आणि मग गॅसचा विचार, हा क्रम धरावा. सफाई न करता थेट गॅसच्या गोष्टी बोलू लागणारा कारागीर एक तर घाईत असतो किंवा दुसऱ्या कशात तरी.

आता दरांकडे वळू. पुढील आकडे मोठ्या शहरांतील सर्वसाधारण मान म्हणून घ्यावेत. गाव, हंगाम व यंत्राचा प्रकार यांप्रमाणे त्यांत फरक पडणारच. कारागिराने येऊन यंत्र पाहण्याचे शुल्क साधारण २०० ते ५०० रुपये असते. पाण्याच्या झोताने आतबाहेर रीतसर सफाई करावयाची तर दर यंत्रामागे ५०० ते ८०० रुपये. खोलीत पाणी ठिबकू लागले असेल तर बहुधा पाणी वाहून नेणाऱ्या नळीत शेवाळ किंवा गाळ साचलेला असतो. ते काम सफाईतच व्हावयास हवे, त्यासाठी वेगळे मोठे बिल होण्याचे कारण नाही. पंख्याची मोटर बदलण्यास दीड हजारापासून तीनसाडेतीन हजारांपर्यंत खर्च येतो. गळती शोधून, जोड दुरुस्त करून संपूर्ण गॅस भरावयाचा तर दीड टनाच्या यंत्राला अडीच ते चार हजार रुपये धरून चालावे.

या शेवटच्या रकमेत नेमके काय येते ते पाहिले पाहिजे, कारण लबाडी आणि निष्काळजीपणा या दोहोंनाही येथेच वाव असतो. नीट काम करणारा कारागीर प्रथम नळ्यांत नायट्रोजन वायू दाबाने भरून गळती शोधतो. गळती बुजविल्यावर निर्वात पंप जोडून नळ्यांतील हवा व ओलावा काढून टाकतो. याला निदान अर्धा तास तरी लागतो. त्यानंतर तो गॅसचा बाटला वजनकाट्यावर ठेवून मोजून गॅस भरतो. किती भरावयाचा हे गुप्त नसते. यंत्राच्या बाहेरच्या भागावर एक नामपट्टी असते, तीवर गॅसचा प्रकार आणि त्याचे वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. गृहस्थाने ती पट्टी वाचावी आणि काट्यावरचा आकडा पाहावा. ज्याच्यापाशी निर्वात पंपही नाही आणि काटाही नाही, त्याने दोन हजारांत काम केले तरी ते महागच पडते. नळ्यांत राहिलेला ओलावा पुढे कॉम्प्रेसरचा घात करतो. सर्व साधने घेऊन येणाऱ्याने साडेतीन हजार मागितले तर मी ते वाजवी समजेन.

गॅसच्या प्रकारासंबंधी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. जुन्या यंत्रांत आर-२२ नावाचा गॅस असे. त्याने पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला इजा पोहोचते म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये तो टप्प्याटप्प्याने मोडीत निघत आहे, आणि २०३० हे वर्ष भारतासारख्या देशांना त्यासाठी ठरवून दिलेले आहे. पुरवठा आटत चालल्यामुळे जुन्या यंत्राची गॅसभरणी पुढे महागच होत जाणार. अलीकडील यंत्रांत बहुशः आर-३२ असतो, काहींत आर-४१०ए, तर काहींत आर-२९०, म्हणजे प्रोपेन. आर-३२ सौम्य ज्वालाग्राही आहे आणि प्रोपेन तर आपल्या स्वयंपाकाच्या गॅसाचाच भाऊबंद. एका गॅससाठी बनविलेल्या यंत्रात दुसरा भरणे धोक्याचे असते, कारण दाब निराळे असतात. ‘तो गॅस मिळत नाही, हा घालून देतो’ असे कोणी म्हटले तर दार दाखवावे.

दीड टन हे परिमाण सर्वांच्या तोंडी असते, पण त्याचा गॅसच्या किंवा यंत्राच्या वजनाशी काही संबंध नाही. हा टन बर्फाचा आहे. ज्या काळी थंडाव्याचा व्यापार बर्फाच्या लाद्यांनी चाले, १८३३ साली तर बोस्टनहून जहाजात भरलेला बर्फ थेट कलकत्त्यास येऊन विकला गेला, त्या काळाची ही खूण राहिली आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता बाहेर काढणारे यंत्र एक टनाचे. दुरुस्तीच्या दरात टनामागे फरक पडतो तो गॅसचे प्रमाण व भागांचा आकार वाढतो म्हणून. सफाईच्या दरात तो फारसा पडू नये.

कॉम्प्रेसर हा यंत्राचा सर्वांत महाग अवयव आहे. तो बदलावयाचा तर गॅस व मजुरी धरून दहा ते अठरा हजार रुपये सहज लागतात. म्हणूनच ‘कॉम्प्रेसर गेला’ हे वाक्य ऐकले की दुसरे मत घ्यावे. जुन्या, एकाच वेगाने चालणाऱ्या यंत्रांत कॉम्प्रेसरला चालना देण्यासाठी कपॅसिटर नावाचा लहानसा डबीसारखा भाग असतो. तो अशक्त झाला की कॉम्प्रेसर नुसता गुणगुणतो, फिरत नाही, आणि थोड्या वेळाने बंद पडतो. पाहणाऱ्याला तो मेल्यासारखाच वाटतो. कपॅसिटर बदलण्याचा खर्च मजुरीसह पाचसातशे ते हजार रुपये. निदान चुकले, किंवा मुद्दाम चुकविले, तर हजाराच्या जागी पंधरा हजार मोजावे लागतात. कपॅसिटर मापकाने तपासून दाखवा, असे सांगण्यात कसलाही अपमान नाही. प्रामाणिक कारागीर आनंदाने दाखवितो.

इन्व्हर्टर पद्धतीच्या नव्या यंत्रांत कॉम्प्रेसरची चाल एक इलेक्ट्रॉनिक फलक सांभाळतो. त्याला पीसीबी किंवा नुसते कार्ड म्हणतात. वीज कमीजास्त झाली, पावसाळ्यात ओल शिरली, किंवा ऊब शोधीत एखादी पाल आत जाऊन दोन तारांवर पडली, की हे कार्ड जळते. (पालीमुळे किती यंत्रे बंद पडतात हे कारागिरांना विचारावे, ते तासभर बोलतील.) नवे कार्ड सहा ते बारा हजारांपर्यंत जाते. तथापि जळालेले कार्ड पुष्कळदा दुरुस्त होऊ शकते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट अशा इलेक्ट्रॉनिक बाजारांतून आणि लहान शहरांतही असे काम करणारे कुशल हात आहेत. दीड ते तीन हजारांत ते कार्ड जिवंत करून देतात. कंपनीचा मनुष्य सहसा दुरुस्ती सुचवीत नाही, बदलच सुचवितो. हमीची मुदत चालू असेल तर मात्र बाहेरच्या कोणाला हात लावू देऊ नये.

हमी या शब्दाचाही अर्थ बारकाईने वाचावा. ‘कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. त्याचा अर्थ कॉम्प्रेसर नावाची वस्तू विनामूल्य मिळेल एवढाच असू शकतो. तो बसविण्याची मजुरी, नव्याने भरावा लागणारा गॅस आणि वाहतूक हे पुष्कळदा ग्राहकाच्याच माथी येते. ‘फुकट’ कॉम्प्रेसर बसविताना चारपाच हजारांचे बिल आले म्हणून संतापण्यापूर्वी हमीपत्रातील बारीक अक्षरे पाहावीत. आणि त्या अक्षरांत तसे नसेल तर अवश्य संतापावे.

समुद्रकाठी राहणाऱ्यांना एक जास्तीचा खर्च धरावा लागतो. मुंबई, गोवा, रत्नागिरी, चेन्नई येथील खाऱ्या हवेने बाहेरच्या वेटोळ्याच्या पातळ पत्र्या काही वर्षांतच पीठ होऊन गळतात. उघड्या नाल्याच्या किंवा सांडपाण्याच्या शेजारी असलेल्या वस्त्यांतून निघणारा गंधकयुक्त वायू तांब्याला खातो, आणि तेथे वेटोळ्यांना सूक्ष्म छिद्रे पडतात. अशी छिद्रे जोडावर नसल्याने फेसाने लवकर सापडत नाहीत, आणि एक बुजवावे तर दुसरे उघडते. अशा वेळी सारे वेटोळेच बदलणे शहाणपणाचे. त्याला सहा ते दहा हजार लागतात. नागपूर, इंदूर, हैदराबाद येथील कोरड्या हवेत हा त्रास कमी, तेथे धुळीचा जास्त.

बँकेत, रेल्वेत, सैन्यात किंवा सरकारी खात्यांत असलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना बदलीमुळे यंत्र काढून दुसऱ्या गावी बसवावे लागते. काढणे आणि पुन्हा बसविणे यांस मिळून साधारण दोन ते तीन हजार रुपये, व नवी तांब्याची नळी लागली तर तिचे दर मीटरला वेगळे पैसे. काढण्यापूर्वी यंत्र चालू ठेवून सारा गॅस बाहेरच्या भागात गोळा करून झडपा बंद करता येतात. हे दहा मिनिटांचे काम आहे. न केल्यास गॅस हवेत जातो आणि नव्या गावी तीन हजारांचा भुर्दंड बसतो. सामान बांधणारे हमाल हे काम जाणत नाहीत; त्यासाठी यंत्राचा जाणकारच बोलवावा.

आतापर्यंत ग्राहकाची बाजू सांगितली. दुसरी बाजूही आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. आपण तपासणीचे दोनतीनशे रुपये देण्यास कुरकुर करतो. ‘काही केले तर नाहीच, नुसते पाहिले, त्याचे कसले पैसे?’ असा आपला सवाल असतो. वैद्याने नाडी पाहिली तर आपण असे म्हणत नाही. निदानाचे मोल मिळत नसेल तर कारागीर ते गॅसच्या बिलातून काढतो. अनेकांना तर मासिक वेतन नसते. दर फेरीमागे ठरावीक रक्कम आणि बसविलेल्या भागांवर हिस्सा, अशी त्यांची कमाई असते. भाग जितके जास्त बदलले जातील तितके त्याच्या घरी जास्त पैसे जातात. या व्यवस्थेत तो प्रामाणिक राहिला तर ते त्याचे थोरपण समजावे.

याहून गंभीर गोष्ट बाहेरच्या भागाची. चौथ्या-सहाव्या मजल्यावर, खिडकीबाहेर, गंजलेल्या लोखंडी चौकटीवर तीसेक किलोचे ते धूड बसविलेले असते, आणि आपण एका पोराला सज्ज्यावर उतरवून त्याची सफाई करवून घेतो. कमरेला पट्टा नाही, दोर धरावयास दुसरा माणूस नाही. असे तोल जाऊन पडल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वृत्तपत्रांत येतात. गळती तपासण्यासाठी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरल्याने कॉम्प्रेसरमधील तेल पेटून स्फोट होतो, तोही बहुतेक वेळा नायट्रोजनचा बाटला वाहून आणण्याचा खर्च वाचविण्याच्या पायी. दोन माणसे, सुरक्षापट्टा आणि योग्य साधने आणणाऱ्याने पाचशे रुपये अधिक सांगितले तर ते द्यावेत. पट्ट्याशिवाय उतरू पाहणाऱ्याला, त्याने कितीही स्वस्तात सांगितले तरी, उतरू देऊ नये. घर आपले आहे. नाही म्हणण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

बिलावर वस्तू व सेवा कर दिसला तर त्याची रीतही समजून घ्यावी. दुरुस्तीच्या सेवेवर हा कर शेकडा १८ आहे. तीन हजारांच्या कामावर ५४० रुपये. परंतु ज्याची कराची नोंदणी आहे त्यालाच तो आकारता येतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या (काही राज्यांत १० लाखांच्या) लहान कारागिराला नोंदणीचे बंधन नाही, आणि नोंदणी नसताना कर घेण्याची त्याला मुभाही नाही. बिलावर नोंदणी क्रमांक असावा. काम सुरू होण्यापूर्वी रक्कम लिहून घ्यावी, बदललेला जुना भाग ताब्यात मागावा, आणि गॅसभरणी केल्यास निदान एक ते तीन महिन्यांची हमी बिलावर नोंदवून घ्यावी. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपण ज्या जिल्ह्यात राहतो तेथील आयोगाकडेही दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्यासाठी शुल्क पडत नाही.

दुरुस्ती कोठे थांबवावी हा प्रश्न राहतो. दीड टनाचे मध्यम प्रतीचे नवे यंत्र साधारण ३५ ते ४५ हजारांत येते, आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्यावरील कर शेकडा २८ वरून १८ वर आल्याने ते थोडे हलकेच झाले आहे. यंत्र आठदहा वर्षांचे असेल, त्यात आर-२२ असेल आणि कॉम्प्रेसर किंवा वेटोळे बदलण्याचा प्रसंग असेल, तर तेवढे पैसे त्यात घालू नयेत. नवे यंत्र विजेच्या बिलातही काही भरपाई करून देते. यंत्र चारपाच वर्षांचे असेल तर मात्र कार्ड जळाले म्हणून ते टाकून देणे हा निव्वळ अपव्यय होय. जुने यंत्र देताना तांबे व ॲल्युमिनियम यांमुळे त्याचे दोनचार हजार रुपये येतात, विक्रेते तेवढी सूट देतातही. भंगारवाल्यास देणे झाल्यास नळ्या तेथेच अंगणात कापू देऊ नयेत. आतला गॅस कारागिराकडून आधी बाटल्यात काढून घ्यावा, आणि सरकारदरबारी नोंद असलेल्या ई-कचरा घेणाऱ्याकडेच यंत्र सोपवावे.